वाचकांचे प्रश्न : वजन हा एक प्रश्न, चिडवणे हा दुसरा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. शाळेत, क्लासमध्ये, सोसायटीच्या मैदानावर आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मुलामुलींच्या शरीरावरून होणारी चेष्टा आणि तिच्या आडून होणारा छळ हा तो विषय. त्यामुळे या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पाच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून नावे व शाळांचे उल्लेख गाळले असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

डाएट सुरू करावे की शाळा बदलावी?

प्रश्न : आम्ही कोपरखैरणे येथे राहतो. माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिने शाळेत डबा खाणे बंद केले आहे. पोळीभाजी दिली तशी परत येते आणि विचारले की ‘वेळ नव्हता’ एवढेच उत्तर मिळते. एका रात्री तिच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये मला एक स्टिकर दिसले. सहलीत वडापाव खाताना कोणीतरी तिचा फोटो काढला होता, गाल फुगलेला, डोळे अर्धवट मिटलेले. त्याचे स्टिकर करून खाली ‘अजून एक’ असे लिहिले होते. ग्रुपमध्ये खाण्याचा विषय निघाला की कोणी ना कोणी ते स्टिकर टाकते आणि मागोमाग हसण्याच्या इमोजींची रांग लागते. त्या रांगेत माझ्या मुलीचीही इमोजी होती. पीटीचे सर तिला कवायतीत कायम शेवटच्या रांगेत उभे करतात आणि ‘रणगाडा’ म्हणतात, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले. गणपतीत आलेल्या माझ्या चुलत सासूबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, ‘हिला आता जरा आवरा, पुढे जड जाईल.’ तेव्हापासून पाहुणे आले की ती खोलीबाहेर येत नाही. तिचे वजन थोडे जास्त आहे हे खरे आहे. डाएट आणि व्यायामाने ते कमी केले तर चिडवणे आपोआप थांबेल, असे मला वाटते. यजमान म्हणतात, दुर्लक्ष करायला शिकू दे. माझ्या जाऊबाई म्हणतात, सरळ शाळा बदला. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील म्हणजे मुलीने स्वतः टाकलेली हसण्याची इमोजी. आपली टर उडवली जात असताना आपणही हसून दाखवणे हा या वयातील मुलांचा निभावून नेण्याचा मार्ग असतो. रडू आले हे कळले तर उद्या त्यावरून चिडवतील, ग्रुप सोडला तर ‘राग आला वाटतं’ म्हणून वर्गात विचारतील आणि ग्रुपमध्ये नसले तर गृहपाठापासून सहलीपर्यंत कशाचाच पत्ता लागणार नाही. मग हसणे हाच त्यातल्या त्यात कमी त्रासाचा पर्याय उरतो. पुढे शाळेकडून किंवा इतर पालकांकडून ‘ती स्वतःही हसत होती, मुलांची गंमत आहे’ असे उत्तर आले, तर ते ग्राह्य धरू नका. मुलीचा डबा जसाच्या तसा परत येत असेल, तर ती गंमत नाही.

तुम्ही, तुमचे यजमान आणि जाऊबाई यांनी सुचवलेले उपाय वेगवेगळे दिसतात; पण तिन्हींत जे काही करायचे आहे ते तुमच्या मुलीनेच. तिने बारीक व्हावे, तिने सहन करावे किंवा तिने निघून जावे. ज्यांनी स्टिकर केले, ज्यांनी ते फिरवले आणि जे सर तिला रणगाडा म्हणतात, त्यांच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की वजनाचा प्रश्न आणि चिडवण्याचा प्रश्न एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे करा. वजनाबद्दल डॉक्टरांशी बोलायचे आहे. चिडवण्याबद्दल शाळेशी बोलायचे आहे. ‘बारीक झालीस की कोणी चिडवणार नाही’ असे आपण प्रेमापोटी म्हणतो, तेव्हा मुलीपर्यंत पोचते ते इतकेच, की चिडवणाऱ्यांचे म्हणणे आईलाही पटले आहे. शिवाय वजन उतरले तरी रंग आहे, उंची आहे, दात आहेत, पुरळ आहे. चिडवणाऱ्याला निमित्त लागते, आणि ते कोणाच्याही अंगावर सापडते.

आता वजनाविषयी. मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा तक्ता मुलांना लावत नाहीत. भारतीय मुलांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयोगटाचे सुधारित वाढतक्ते दिले आहेत आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी वय, उंची व वजन यांची नोंद त्यावर करून पाहायला हवी. वयात येताना मुलींच्या शरीरातील चरबीचे प्रमाण वाढणे हा वाढीचाच भाग असतो. मानेची किंवा काखेची त्वचा काळवंडून जाडसर झाली असेल, पाळी सुरू होऊन दोन वर्षे उलटल्यावरही ती फार अनियमित असेल, झोपेत मोठ्याने घोरणे असेल किंवा घरात कमी वयात मधुमेह झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. परंतु जेवण तोडणे, भात-पोळी बंद करणे, इंटरनेटवरून उतरवून घेतलेले डाएट किंवा वजन घटवण्याची पावडर यांच्या वाटेला जाऊ नका. वाढीच्या वयात उपाशी राहणारी मुले पुढे चोरून आणि भराभर खाऊ लागतात, हे वारंवार दिसते. आणि वजनावरून ज्यांना हिणवले जाते ती मुले खेळापासूनच दूर पळतात, त्यामुळे चिडवल्याने मूल सुधारेल ही समजूत आरोग्याच्या दृष्टीनेही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या सर्वच मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल सुचवते. ती सर्वांसाठी असते, म्हणून घरातल्या सर्वांनी मिळून करा. संध्याकाळी तिघांनी चालायला जाणे आणि तिला एकटीला जिममध्ये पाठवणे यांत तिच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांमधील छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. भांडण आणि छळ यांत फरक करण्यासाठी त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात : दुखावण्याचा हेतू, पुन्हापुन्हा घडणे आणि दोन बाजूंच्या ताकदीत असमतोल असणे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही आहेत. चाळीस जणांच्या ग्रुपसमोर एकटी मुलगी, यापेक्षा मोठा असमतोल कोणता असणार? म्हणूनच ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. दुर्लक्ष करण्यासाठी बरोबरीची ताकद लागते. आणि स्टिकर टाकणाऱ्याला तिच्या प्रतिक्रियेची गरजच नसते, त्याला इतरांचे हसू पुरते.

सर्वप्रथम मुलीशी बोला. तुम्ही तिचा मोबाइल पाहिला हे स्वतःहून सांगा, कारण ते नंतर कळले तर ती पुढचे काहीही सांगणार नाही. तिची सर्वांत मोठी भीती बहुधा अशी असेल, की आई शाळेत जाऊन तमाशा करेल आणि मग आपले आणखी हाल होतील. ही भीती खोटी नसते. म्हणून कोणाशी आधी बोलायचे, तिचे नाव वर्गात घ्यायचे की नाही, याबाबत तिचे म्हणणे ऐका. मात्र काहीच करायचे नाही, हा पर्याय तिच्यावर सोपवू नका. ज्याने स्टिकर केले असेल त्या मुलाच्या किंवा मुलीच्या आईला फोन करणे किंवा पालकांच्या ग्रुपवर लिहिणे टाळा. त्यातून मोठ्यांची भांडणे पेटतात आणि मूळ विषय बाजूला पडतो.

स्टिकर व त्याखालच्या संभाषणाचे तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि वर्गशिक्षिकेला भेटून लेखी अर्ज द्या. अर्जात काय घडले, कधी व कुठे घडले आणि तुमची अपेक्षा काय, एवढेच असावे. स्टिकर सर्वांनी काढून टाकावे, वर्गाशी या विषयावर तुमच्या मुलीचे नाव न घेता बोलले जावे, मधल्या सुट्टीत व सहलीत कोणी मोठे माणूस लक्ष ठेवणारे असावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट ठरावी, अशा मागण्या शाळेला नाकारणे अवघड जाते. प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागायला लावू नका. त्याचा बोभाटा होतो आणि मूल पुन्हा चर्चेत येते. अर्जाची पोच घ्या.

पीटीच्या सरांबाबत स्वतंत्रपणे मुख्याध्यापकांशी बोला. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ नुसार शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई आहे. ज्या वर्गात शिक्षकच टोपणनाव देतात, तेथे मुलांना वेगळा परवाना लागत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत आधी थांबायला हवी ती या सरांची जीभ. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. तो केवळ महाविद्यालयांच्या वसतिगृहांपुरता आहे असे पुष्कळांना वाटते; परंतु त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक असून विद्यार्थ्याला लाज किंवा भीती वाटेल अशा रीतीने चिडवणे, शिवीगाळ करणे व धमकावणे रॅगिंगच्या व्याख्येत येते. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असे हा कायदा सांगतो. पहिल्याच भेटीत कायद्याची भाषा करू नका, पण अर्ज नुसता फायलीत पडून राहिला तर त्याचा उल्लेख अवश्य करा. राज्यातील शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय २०२२ चा आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातील बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने ही समिती आणि तक्रारपेटी यांबाबत शाळांना पुन्हा बजावले होते. तुमच्या शाळेतील समितीवर कोण आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सासूबाईंच्या वाक्याविषयीही लिहायला हवे. ‘सुकलीस गं’, ‘भरलीस गं’, ‘उन्हात किती काळवंडलीस’ अशा वाक्यांनी आपल्याकडे विचारपूस सुरू होते आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेकदा मायाच असते. तरीही दिवसभर शाळेत हेच ऐकून आलेल्या मुलीला घरातही हेच ऐकावे लागले, तर तिने जावे कुठे? वडीलधाऱ्यांचा मान राखून हे थांबवता येते. पुढच्या वेळी तुम्ही किंवा यजमानांनी तिथेच, मुलीच्या देखत, ‘काकू, तिच्या तब्येतीचं आम्ही डॉक्टरांशी बोलतोय, तुम्ही तिच्या चित्रांविषयी विचारा’ असे म्हणावे. हे मुलीच्या देखत होणे महत्त्वाचे आहे. नंतर स्वयंपाकघरात काकूंना समजावून सांगितले तर ते तिला कळतही नाही.

शाळा बदलण्याचा विचार, शाळेने दोन-तीन वेळा सांगूनही काहीच केले नाही तरच करा. आणि एका गोष्टीकडे आजपासून लक्ष ठेवा. रविवारी संध्याकाळी पोट दुखणे, झोप उडणे, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे बोलणे, यांपैकी काही दिसले तर थेट विचारा, ‘तुला जीव नकोसा झाल्यासारखं वाटतं का?’ विचारल्याने तसा विचार मनात येतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. अशा वेळी थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस ही शासनाची १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र सुरू असते आणि तेथे मराठीत बोलता येते.

मुलगा पोहायला जाईनासा झाला

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात जलतरण तलाव आहे. माझा चौदा वर्षांचा मुलगा तेथे रोज जात असे. काही महिन्यांपासून त्याची छाती मुलींसारखी वाढल्यासारखी दिसते. मुले त्याला मुलीच्या नावाने हाक मारतात, फुटबॉल खेळताना छातीला चिमटे काढतात. तो आता उकाड्यातही जाड जॅकेट घालून बसतो. मी त्याला म्हणालो, ‘पुरुषासारखा उलटून दोन ठेवून दे.’ त्याचे बोलणेच बंद झाले. एका परिचिताने जिम आणि प्रोटीन पावडर सुचवली आहे.

उत्तर : वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे इतके सर्रास आढळते, की साधारण निम्म्या मुलांना कमीअधिक प्रमाणात याचा अनुभव येतो. या काळात इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचे परस्परांतील प्रमाण तात्पुरते बदलते आणि स्तनाग्रामागची ग्रंथी थोडी वाढते, कधी दुखतेही. वैद्यकीय भाषेत याला गायनेकोमास्टिया म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये ते सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. तरीही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण टणक किंवा झपाट्याने वाढणारी गाठ, स्तनाग्रातून स्राव, वयात येण्याची इतर लक्षणे दिसण्याआधीच झालेली वाढ किंवा चालू असलेली काही औषधे यांचा विचार डॉक्टरांनीच करायचा असतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मुलाशी काही वेळ एकट्याने बोलू द्या. त्याला जे विचारायचे आहे ते तो तुमच्यासमोर विचारणार नाही. जिममधून किंवा ओळखीतून मिळणाऱ्या पावडरी पूर्णपणे टाळा. त्यांत काय मिसळलेले असते याची खात्री नसते आणि स्टेरॉइड असेल तर हाच त्रास वाढतो.

ही माहिती मुलाला आजच सांगा. आपल्या शरीरात काहीतरी भलतेच घडते आहे आणि ते केवळ आपल्यालाच होते आहे, या समजुतीत तो कित्येक महिने एकटा राहिला आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांना हेच होत असते आणि तेही ते शर्टाखाली लपवत असतात, एवढे कळले तरी त्याच्या मनावरचा भार बराच हलका होईल.

‘पुरुषासारखा उलटून मार’ हे तुम्ही त्याला बळ देण्यासाठी म्हणालात, हे मी समजू शकते. परंतु त्याला बाहेर जे ऐकवले जात होते, की तू पुरेसा मुलगा नाहीस, तेच त्याला घरातही ऐकू आले. ते वाक्य मागे घ्या. ‘मी त्या दिवशी जे बोललो ते बरोबर नव्हतं’ असे वडिलांनी सरळ म्हटले, तर मुले पुन्हा बोलू लागतात.

चिमटे काढण्याचा प्रकार मात्र चिडवण्याच्या पलीकडचा आहे. कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावणे ही गंभीर बाब आहे, आणि लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगे व मुली असा भेद करत नाही. प्रशिक्षकांना आणि संकुलाच्या समितीला आजच स्पष्ट शब्दांत कळवा, की हे घडते आहे व ते ताबडतोब थांबले पाहिजे. ‘मुलांचा खेळ आहे’ असे कोणी म्हटले तर त्यांना इतकेच विचारा, की मुलीच्या बाबतीत हेच घडले असते तर तुम्ही याला खेळ म्हटले असते का. पोहण्यासाठी घट्ट, पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट मिळतो आणि तो पुष्कळ मुले घालतात. तो घालून जायचे की काही दिवस थांबायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

माझाच मुलगा चिडवणारा निघाला

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. माझ्या नववीतल्या मुलाने वर्गाच्या ग्रुपवर ‘वर्गातली सगळ्यात काळी कोण’ अशी मतचाचणी टाकली, पर्यायांत चार मुलींची नावे घातली आणि तेवीस जणांनी मते दिली. शाळेने आम्हाला बोलावले. घरी आल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला मारले. तो म्हणतो, ‘सगळेच रोस्ट करतात, मत तर सगळ्यांनी दिलं.’ माझा मुलगा वाईट आहे का?

उत्तर : नाही, त्याने वाईट कृत्य केले आहे, आणि ते त्याला पुरते समजले पाहिजे. मारण्याने हे समजत नाही. ज्याच्याकडे ताकद आहे त्याने कमी ताकदीच्या माणसाला दुखवायचे असते, हाच धडा त्याला पुन्हा मिळतो. त्याची बाजू घेणेही तितकेच घातक आहे. ‘बाकीच्या तेवीस जणांना का नाही बोलावले’ असे तुम्ही शाळेला विचारलेत, तर त्या मुलींचा विषय तिथेच संपेल.

त्याच्याशी शांतपणे बसून त्या चारही नावांविषयी एकेक करून बोला. मतमोजणी वर सरकत असताना त्या मुलीने मोबाइल हातात धरून काय पाहिले असेल, दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातून आत येताना तिने कोणाकडे पाहिले असेल, हे त्याच्याकडून वदवून घ्या. त्यानंतर परिणाम ठरवा. ठरावीक मुदतीसाठी ग्रुपमधून बाहेर राहणे, मतचाचणी पुसून आपण चूक केल्याचे त्याच ग्रुपवर लिहिणे, शाळेने दिलेली शिक्षा विनातक्रार पूर्ण करणे. मुलींची माफी त्याने मागावी, पण त्यांना ती समोरासमोर हवी आहे का हे वर्गशिक्षिकेमार्फत आधी विचारा. कित्येकदा त्यांना त्याचे तोंडही पाहायचे नसते आणि तो त्यांचा अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. पंधरा वर्षांच्या मुलाला काळेपणा ही हसण्याची बाब आहे हे कोठून कळले? लग्नाच्या जाहिरातींतील ‘गोरी’, बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा विचारला जाणारा रंग, घरातल्या गप्पांत एखाद्या काकांना वर्षानुवर्षे चिकटलेले नाव, हे सर्व तो ऐकत आला आहे. घरात रंगावरून, जाडीवरून, टकलावरून होणारे विनोद आजपासून बंद करा आणि ते का बंद केले हे त्याला सांगा. वडिलांनी हे सांगितले तर अधिक चांगले.

कोणालाही न सांगता हे थांबवता येईल का?

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, सोळा वर्षांची आहे. मी खूप बारीक आहे म्हणून मला ‘हँगर’ म्हणतात, त्याची सवय झाली आहे. पण आता एका निनावी खात्याने माझा चेहरा दुसऱ्याच एका घाणेरड्या फोटोला जोडून मला पाठवला आहे आणि उत्तर दिले नाहीस तर सगळ्यांना पाठवीन असे लिहिले आहे. आईबाबांना कळले तर ते माझे कॉलेजच बंद करतील.

उत्तर : यात तुझी काहीही चूक नाही, हे आधी नीट वाच. ज्याने हे केले आहे तो गुन्हेगार आहे. चेहरा तुझा आणि शरीर दुसऱ्याचे असले तरी कायदा त्याला बालकाचेच अश्लील चित्र मानतो. पोक्सो कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बदल करून तयार केलेल्या चित्रांचाही त्यात समावेश झाला आहे.

त्या खात्याला उत्तर देऊ नकोस, पैसे किंवा आणखी फोटो मागितले तर मुळीच देऊ नकोस. एकदा दिले की मागणी वाढत जाते. संदेश पुसू नकोस. खात्याचे नाव, दुवा आणि धमकीचे स्क्रीनशॉट ठेव, पण ते चित्र कोणालाही, अगदी मैत्रिणीलाही पुढे पाठवू नकोस. त्यानंतर त्या अ‍ॅपवर खात्याची तक्रार कर. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. ती चित्र तुझ्या मोबाइलबाहेर न नेता त्याची केवळ अंकी खूण तयार करते, आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या ते आपल्या अ‍ॅपवर शोधून काढून टाकू शकतात.

तुझ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे, की हे एकटीने थांबवणे अवघड आहे आणि तू एकटीने ते पेलू नयेस. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. कॉलेजच्या समुपदेशक बाईंना किंवा एखाद्या मावशीला सांगितलेस, तर ही गोष्ट पोलिसांना कळवणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे, हे तुला आधीच माहीत असलेले बरे. त्याने घाबरू नकोस. तुझा जबाब पोलिसांनी तुझ्या घरी किंवा तुला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो, आणि तुझी ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे.

आईबाबांना सांगताना मावशी किंवा बाई शेजारी असू देत आणि पहिले वाक्य आधीच ठरवून ठेव : ‘माझ्यावर कोणीतरी गुन्हा केला आहे, मला तुमची मदत हवी आहे.’ आईबाबांनो, हे वाचत असाल तर मुलीचे कॉलेज किंवा मोबाइल बंद करू नका. तसे केलेत तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीही सांगणार नाही, आणि धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

मित्राला चिडवतात, मी काय करू?

प्रश्न : मी नेरूळला राहतो, नववीत आहे. माझ्या मित्राची उंची कमी आहे. क्लासमध्ये त्याची बॅग उंच कपाटावर ठेवतात आणि ‘घे काढून’ म्हणतात. सगळे हसतात. मी मध्ये पडलो तर माझाही नंबर लागेल.

उत्तर : तुझी भीती रास्त आहे, म्हणून तुला धोका होणार नाही अशाच गोष्टी सुचवते. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की अशा प्रसंगी वर्गातील बहुतेक मुलांचा काही ना काही वाटा असतो. कोणी मदत करते, कोणी हसून चेव आणते, कोणी बाजूला सरकते आणि थोडी मुले पाठीशी उभी राहतात. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणात असेही दिसले, की दुसरे एखादे मूल मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार काही सेकंदांत थांबला.

मध्ये पडण्यासाठी भांडावे लागत नाही. हसू नकोस, हे पहिले. बॅग काढून दे आणि ‘चल, सर आले’ म्हणून त्याला तिथून घेऊन जा. वर्गात आणखी दोन जण असे असतील ज्यांना हे आवडत नाही. त्यांच्याशी आधी बोल, म्हणजे तिघांनी एकदम उठता येईल. रात्री त्याला मेसेज कर, ‘आज जे झालं ते बरोबर नव्हतं.’ क्लासच्या सरांना सांगणे म्हणजे चुगली नव्हे. पण सांगण्याआधी मित्राला विचार, आणि तो हो म्हणाला तर तुझ्या किंवा त्याच्या आईला सोबत घेऊन जा. बॅगा खालच्या कप्प्यातच ठेवायच्या आणि क्लास सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे सरांनी वर्गातच बसायचे, एवढे दोन बदल तुम्ही त्यांच्याकडे मागा.